पुण्याहून परत आलेलं पुस्तक

हे मी कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर अजूनही नाही. माझं पुस्तक पुण्याच्या प्रकाशकानं परत पाठवलं नव्हतं. मी ते पाठवलंच नव्हतं.

पुस्तक माझ्या आत्याच्या आयुष्यावरचं होतं. वडिवळ्याला तिच्या ओट्यावर बसून एका उन्हाळ्यात तिनं मला सगळं सांगितलं. डोक्यावर पाटी घेऊन कामशेतपर्यंत चालत जायचं, तिथून गाडीनं लोणावळा, आणि फिरायला आलेल्यांना करवंदं विकायची. तापात गेलेल्या मुलीचंही सांगितलं. नदीला पाणी होतं, दवाखान्यात नेता आलं नाही. हे ती दुसऱ्या कोणापाशी बोलली नव्हती. "तू लिवनार म्हनून सांगते," म्हणाली.

लोणावळ्याच्या घरी मी लिहायला बसलो. पहिलं प्रकरण झालं, वाचलं, आवडलं नाही. पहिलं वाक्य बदललं तर दुसरं बसेना. करवंदं 'काळी' की 'काळीभोर' यात एक अख्खा पावसाळा गेला. अशी वर्षं गेली. मग एका लग्नाच्या पंगतीत कोणी तरी म्हणालं, "लेखकसाहेब, आमच्या हयातीत निघेल ना पुस्तक?" सगळे हसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दिलं होतं पुण्याला. परत आलं."

एकदम सोपं झालं सगळं. लोकांनी त्या प्रकाशकाला नावं ठेवली. बायको तर अजून ठेवते. मी गप्प बसून ऐकतो.

यंदा जयंती झाल्यावर वडिवळ्याला गेलो. आत्या तांदूळ निवडत होती. तिची सून चहा देता देता म्हणाली, "भाऊजी, तुमीच सांगा यांना. जयंतीला बायांनी लय गळ घातली, विहारात चार शब्द बोला म्हनून. जागच्या उठल्या न्हाईत."

आत्यानं मान वर केली नाही. "माजं पुन्यात न्हाई चाललं, हितं काय चालनार?"

"काय नाही चाललं?" मी विचारलं. खरंच कळलं नव्हतं.

"आरं, तुजं बुक. वडगावला कचेरीतनं जमिनीचा कागद किती येळा परत आला आमचा. कागद परत आला म्हंजी आपल्यातच कायतरी खोट आसती. शिकल्याली मानसं ती. वाचलं आसंल, म्हनली आसतील, या बाईत लिवन्याजोगं काय न्हाई."

मी कप खाली ठेवला. मी माझी लाज झाकायला एक वाक्य फेकलं होतं आणि तिनं ते स्वतःवरचा निकाल म्हणून घेतलं होतं. तिच्या पाटीवरचा, तिच्या चालण्यावरचा, मेलेल्या मुलीवरचासुद्धा. आणि इतकी वर्षं मला जेवू घालत होती.

"आत्या, मी ते पाठवलंच नव्हतं."

तिचे हात थांबले. "मंग परत कसं आलं?"

"आलंच नाही. खोटं बोललो."

"का?"

"चांगलं झालं नव्हतं."

"माजं?"

"माझं."

सून आत निघून गेली. मला वाटलं, आत्या आता ऊठ म्हणेल. तिनं सूप बाजूला सारलं. "मोबाईलमंदी आसंल ना? वाच."

वाचलं. 'काळीभोर' आलं आणि गेलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. ती गाडीत चढेपर्यंतचं ऐकून झालं, तशी म्हणाली, "पुढं?"

पुढं नव्हतं. पुस्तक म्हणून मी सगळ्यांना जे सांगत आलो, ते एवढंच होतं. एक प्रकरण.

"माजी पोरगी न्हाई त्यात?"

"नाही."

"आरं मुडद्या," ती म्हणाली. ओरडली नाही. पुन्हा सूप ओढलं आणि तांदळाकडे बघूनच म्हणाली, "माजी काय आता लय वर्सं ऱ्हायल्यात का? येत जा. लिवशील तसं वाचत जा."

तेव्हापासून रविवारी जातो. आठवडाभरात जे होईल ते, खोडायला वेळ न देता, तिच्यापुढे वाचतो. वाक्यं ओबडधोबड आहेत. मध्येच थांबवून ती म्हणते, "व्हय, तसंच व्हतं," किंवा नुसतीच हसते. लोणावळ्याच्या बाजारापर्यंत आलो आहोत.

मुलीचं प्रकरण अजून लिहिलेलं नाही. ते मी तिचं देणं लागतो, आणि ती ऐकायला आहे तोवरच ते फेडायचं आहे. बायकोला खरं सांगणंही राहिलं आहे.