पिसिलाच्या शेजारची जागा

सेमिसीच्या पायांत जन्मापासून जीव नव्हता. हात वाकडे, बोटं मिटलेली. देवानं सगळी कसर जिभेत भरून काढली, असं गाव म्हणायचं. बोलायला गावाचं काय जातं!

शनिवारी संध्याकाळी धाकटा भाऊ विलिआमी त्याला पाठुंगळी घेऊन काव्हाच्या बैठकीला आणायचा. पुरुष गोल बसतात, गिटारीवर गाणी म्हणतात, मधे मोठ्या काठवटीत मुळं कुटून पाण्यात कालवलेला, जरा गुंगी आणणारा काव्हा, आणि एक बिनलग्नाची पोरगी करवंटीनं तो वाढते. पोरं तिची थट्टा करतात, खडा टाकून बघतात. आमच्या वावाऊ बेटावरची अर्धी लग्नं तिथेच जुळतात. म्हणून एक रीत कडक: तिचा भाऊ तिथे बसत नाही. सख्खा, चुलत, मावस, कुणीही. बहिणीबद्दलचं असलं बोलणं कानावर पडणं म्हणजे पाप.

ह्या बैठकीत वर्षभर पिसिला काव्हा वाढत होती. तिच्या बापानं तिला पाठवतानाच अट घातली होती, पोरगी बसेल तर सेमिसीच्या शेजारी. "तो असला म्हणजे मला घोर नाही," म्हणाला. सेमिसीला ह्याचा केवढा अभिमान! वेडाच तो. त्या बोलण्यातली नांगी त्याला दिसलीच नाही.

बाकीचे करवंटी आपल्या हातानं घ्यायचे. सेमिसीच्या ओठांना ती पिसिला लावायची, दुसरा हात त्याच्या मानेमागे धरून. आईखेरीज कुठल्या बाईनं त्याला एवढ्या जवळून हात लावला नव्हता. बुजरी पोरं त्याला कोपरानं ढोसायची, आमच्या वतीनं बोल म्हणायची, आणि हा बोलायचा. कितीकांचे संसार त्याच्या जिभेवर उभे राहिले.

त्या शनिवारी मात्र त्यानं वारलेल्या बापाची कमरेला गुंडाळायची मानाची चटई आईकडून बांधून घेतली. चटई बांधायची ती चर्चला नाहीतर मयताला. "कोण गेलं रे आज?" म्हाताऱ्या फोतूनं विचारलं आणि सगळे खिदळले.

सेमिसी हसला नाही. "आज मी दुसऱ्या कुणासाठी बोलत नाही, पिसिला. माझ्यासाठी बोलतोय. माझ्याशी लग्न करशील?"

लोक आणखीच हसले. तीही हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. वाईट नव्हती हो पोरगी. "असं काय रे, सेमिसी," म्हणाली. "तू तर मला भावासारखा."

"मग मला उचला," तो म्हणाला. "विलिआमीला हाक मारा. बहीण वाढते तिथे भाऊ बसत नाही."

गिटार थांबली. खरा भाऊ असता तर चारचौघांनी माफी मागत त्याला वाट करून दिली असती. फोतूनं मांडीवर थाप मारली. "अरे बाबा, ते पुरुषांना. तुला कशाला लागू होतंय?"

गाणं पुन्हा सुरू झालं. पिसिलानं करवंटी भरली आणि नेहमीसारखा मानेमागे हात घातला. त्यानं दात घट्ट आवळले. काव्हा हनुवटीवरून ओघळून बापाच्या चटईवर सांडला. माझाच हात चुकला, असं म्हणत तिनं झग्याच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, लेकराचं पुसावं तसं.

घरी येताना भावाच्या पाठीवरून तो म्हणाला, मला तिथे परत नेऊ नकोस. विलिआमी बरं म्हणाला.

पुढच्या शनिवारी बैठकीतली पोरं दारात हजर. सेमिसी नसेल तर पिसिलाचा बाप तिला पाठवत नाही म्हणे. सेमिसीला कुणी काही विचारलं नाही. त्याला उचललं, नेलं आणि तिच्या शेजारी बसवलं.