तिसऱ्या तारेची गुंडाळी

देवरावकाकांनी तीस वर्षं अमरावतीपासून धारणीपर्यंत जमिनीखालच्या केबल जोडल्या. केसाएवढी काचेची तार तुटली, की बोलवा काकांना. जोडताना ते दोन मीटर जादा तार गुंडाळून डब्यात ठेवत. "पुन्यांदा तुटली तं पुराले पायजे ना, पोरी." पहिल्या दिवसापासून ते मला पोरीच म्हणत.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी जिवंत बोंडअळीचं पोट खोलवर दाखवणारा मायक्रोस्कोप बनवत होते. एकेक थर बघत बसलं तर तोवर अळी हलते. म्हणून लेझरचा प्रकाश दोन, चार, सहा आणि आठ मीटरच्या चार तारांतून सोडायचा. प्रत्येक तारेचा प्रकाश एकेका थरावर थोडा मागेपुढे पोचतो, म्हणून चारही थर एका दमात, वेगवेगळे दिसतात. तारा जोडायला मी निवृत्त काकांना गळ घातली.

"चारी सारख्या काहून नाई?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला नाही समजायचं, काका. तुम्ही फक्त जोडा."

काय ती माझी मिजास! काका हसले. "बरं. पण झालं का पह्यले मले दाखवजो."

सहा मीटरची तार जोडताना दोनदा तुटली. ती नाजूक आहे म्हणून काकांनी सवयीनं, माझ्याच भल्यासाठी, दोन मीटरची गुंडाळी जादा ठेवली. सहाची आठ झाली, चौथीएवढीच. परीक्षकांसमोर तिसरा आणि चौथा थर एकमेकांत कालवले गेले.

"केबलवाल्याला प्रयोगशाळेत आणलं, हीच माझी चूक," मी सगळ्यांदेखत म्हणाले. काका पेटी उचलून निघून गेले.

अकोल्याहून दुसरा माणूस आणून गुंडाळी काढली. आठ दिवसांत अळीचं धडधडतं हृदय दिसलं. काकांना बोलवायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेत दोन वर्षं गेली. माझ्यासारखी करंटी मीच.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेले. दारातच त्यांच्या पत्नी, सुंदराबाई, म्हणाल्या, "तवापासून तार जोडाच्या मशीनले हात नाई लावला त्याईनं. लोकं बलावाले येतात, जात नाईत."

मी काकांना मोबाइलवर ते हृदय दाखवलं. तारांच्या लांब्या वेगळ्या का, तेही सांगितलं. दोन वाक्यं पुरली. काकांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"इतकंच होतं? तवाच सांगतलं असतं तं गुंडाळी ठेवली नसती, मॅडम."