शेरू, बबनदादांच्या कोंबड्या आणि रविवारचा क्लास

भातकापणीनंतर शेतातून चालत आलं की पँटला कुसळं चिकटतात. कधी चिकटली ते कळत नाही, घरी येऊन बसलं की टोचायला लागतात. आमच्या कुत्र्यांच्या क्लासचे किस्से असेच जमत गेले.

स्कॉटलंडला प्राण्यांच्या वागणुकीचं शिक्षण घेऊन मी कडावला परत आले ती एक गोष्ट मनाशी पक्की करून. कुत्र्याला काठी न दाखवता शिकवता येतं, आणि हे आपल्याच गावात करून दाखवायचं! दर रविवारी सकाळी, आमच्या रिकाम्या शेतात, फुकट.

*

पहिल्या रविवारी सहा कुत्री आली. मी जोशात येऊन 'का मारायचं नाही' यावर पाऊण तास बोलले. थांबून बघते तर सहाही कुत्री गाढ झोपलेली!

शेरूला घेऊन आलेल्या सुनंदाकाकू म्हणाल्या, "झोपायला झकास शिकवलंस गं! आता बसायला कधी शिकवणार?"

*

काकूंना घाई होती. मुलगा पुण्यात नोकरीला, घरात त्या आणि शेरू, दोघंच. शेरूला एकच व्यसन, शेजारच्या बबनदादांच्या कोंबड्या! धरायचा नाही, नुसता पळवायचा. पण कोंबड्यांनी असा धसका घेतला की अंडी देणंच बंद केलं.

बबनदादांनी बजावलं, "वयनी, एक महिना देतो. सुधारला तर ठीक, नायतर टेंपोत घालून खंडाळ्याच्या घाटात सोडून येतो!"

काकू हे हसत हसत सांगायच्या. पण सांगताना शेरूच्या गळ्यातला पट्टा मुठीत घट्ट धरलेला असायचा.

*

मी शिकल्याप्रमाणे सांगितलं, "शेरू नीट बसला की लगेच बक्षीस द्यायचं. उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "कोंबडीपासून लांब राहा म्हणून शिकवायचं, नि राहिला की बक्षीस कोंबडी?"

एवढी वर्षं शिकले, हे काही सुचलं नव्हतं! मग सुक्या बोंबलावर आलो. खिशात बोंबील भरून मी शेतावर निघायचे. क्लास कुत्र्यांचा, पण माझ्या मागून येणार गावातली मांजरं!

*

शेरू बसायला शिकला आणि नवीनच पंचाईत झाली. तो आळीतल्या प्रत्येक दारात जाऊन शहाण्यासारखा बसायला लागला. दारात बसलेल्याला उपाशी कसं पाठवायचं? म्हणून प्रत्येक घरून भाकरी! क्लासला यायचा तो पोट टम्म फुगवून. बोंबलाकडे ढुंकूनही बघायचा नाही.

मी घरोघरी समजवायला गेले. "त्याला बसल्याबद्दल काही देऊ नका," एवढंच सांगायचं होतं. पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी चहा-बिस्किट, तिसऱ्या घरी घावणे.

चौथ्या घरातल्या आजी पदर तोंडाला लावून हसल्या. "पोरी, तुला तरी कुठं वेगळं शिकवलंय? 'बस' म्हटलं की बसतेस नि खातेस!"

*

दत्तूमामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांचा कुत्रा राजा त्यांना अक्षरशः फरपटत न्यायचा. मी नियम सांगितला, "साखळी ताणली की जागच्या जागी उभं राहायचं. सैल झाली की चालायचं."

मामा शिस्तीचे. घरून शेतापर्यंत पाच मिनिटांची वाट. ते पोचले तेव्हा क्लास सुटत होता!

घाम पुसत म्हणाले, "तीस वर्षं गाडी मारली, पण एवढे स्टॉप कधी घेतले नाय!"

*

महिना भरला. रविवारी काकूंनी शेरूला बबनदादांच्या अंगणाच्या मधोमध बसवलं, "थांब" म्हणाल्या आणि मागे सरल्या. बबनदादांनी खुराडं उघडलं. कोंबड्या पसरल्या. शेरूच्या तोंडातून लाळेची धार, अंगाला थरथर, पण जागचा हलला नाही.

तेवढ्यात रस्त्यावर गॅसच्या टेंपोचा हॉर्न वाजला. "अगं बाई, माझा सिलेंडर!" म्हणत काकू धावल्या. शेरूला सोडायचं विसरूनच गेल्या!

ज्याने 'थांब' म्हटलं त्यानेच हाक मारून सोडायचं, हा क्लासचा नियम. माझाच!

"आता धावंल बघा," बबनदादा ओट्यावरून म्हणाले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एक कोंबडी शेरूच्या पायांमधून आरपार गेली. कोंबडा येऊन त्याच्या शेपटीवर चोच मारायला लागला. शेरूने फक्त डोळे मिटून घेतले. ऊन चढत होतं.

"मॅडम, सोडा की त्याला."

"मला नाही चालत, दादा. काकूच लागतील."

"आवो, मुका जीव हाय तो!"

दादा उठले, घरात गेले.

सिलेंडर घेऊन काकू परतल्या, तर अंगणात शेरू तसाच बसलेला. त्याच्या डोक्यावर छत्री धरून बबनदादा उभे, आणि दुसऱ्या हाताने कोंबड्याला हाकलतायत!

"वयनी, कुठं व्हतात? हाक मारा त्याला आधी!" ते ओरडले. मग कोंबड्याकडे डोळे वटारून मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या क्लासात कोंबड्या घेता का?"