साइड मागायची दोरी

आमच्या भागात ड्रायव्हर म्हणून माझ्या मालकांचं नाव चांगलं आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला जाणारे ट्रॅक्टरवाले बहुतेक रस्ता अडवून चालतात. टेप एवढा मोठा लावतात की मागं कोण हॉर्न मारतंय ते त्यांना ऐकू येत नाही. मालक तसे नाहीत. लोक घरी येऊन सांगतात, "वहिनी, साइड द्यावी तर आमच्या भावानंच." मला चारचौघांत बोलता येत नाही. मी चहा ठेवून आत जाते. पण पूर्वी ते ऐकून बरं वाटायचं.

उसाच्या शेंड्यांची वाढी दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, आरशात नुसती हिरवी पानंच दिसतात. म्हणून मालकांनी एक दोरी लावली. मागच्या ट्रॉलीच्या टोकापासून थेट त्यांच्या सीटपर्यंत. बैल विकले तेव्हा त्यांच्या गळ्यातली एक घंटा आम्ही ठेवून घेतली होती, ती त्यांनी कानाजवळ टांगली आणि दोरी तिला बांधली. मी मागच्या ट्रॉलीत उसावर बसायची. मागं गाडी आली की एकदा ओढायची, ते जागा बघून डावीकडं घ्यायचे. गाडी पुढं गेली की दोनदा ओढायची. मी सोबत नसले की दोरीचं टोक लाल चिंधी बांधून मागं लोंबतं सोडायचे, मागच्या कुणालाही ओढता यावं म्हणून.

पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, आपल्यालाही कारखान्यावर नंबर लावायचा असतो, सगळ्यांसाठी कशाला थांबायचं? ते म्हणाले, "घाईतल्या माणसाच्या घरी काय चाललंय ते आपल्याला काय म्हाईत? आपल्या मागं ऊस हाय. ऊस काय मरतोय का?"

हे बोलणं मी मनात जपून ठेवलं होतं.

आमची पोरगी पोलीस भरतीचा सराव करायची. पहाटे पाझर तलावाच्या बांधावर पळायची, मी कडेला बसून राहायची. मालकांना ते आवडत नव्हतं. स्थळं यायला लागली होती. "चारचौघांसमोर पँट घालून पळणार, आन् मंग कोण करील हिला?" असं म्हणून त्यांनी विषय बंद केला. पोरीनं फॉर्म भरलेला होता. बीडला मैदानावर बोलावल्याचं आलं तेव्हा ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. मी मालकांना सांगितलं की माझी कंबर धरली आहे, केजला दवाखान्यात जाते, पोरीला सोबत नेते. ते म्हणाले, "जा. ऊस मी एकटाच नेतो."

ते अंधार असतानाच निघाले. ते कारखान्यापर्यंत पोचले असतील या हिशोबानं आम्ही उजाडल्यावर जीप धरली. केजहून बीडची एसटी मिळाली की झालं. मैदानाचं फाटक ठरल्या वेळी बंद होणार होतं.

पोरीला ड्रायव्हरशेजारी खिडकीत जागा मिळाली. मैत्रिणीची पँट, पायात बूट, केस घट्ट बांधलेले. मी मागं भाजीच्या पाटीला खेटून बसले. रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू खोदलेली, उरलेल्या बाजूनं येणारे आणि जाणारे सगळेच. मधे मधे रुंद जागा ठेवल्या होत्या. पुढच्या गाडीनं तिथं कडेला घेतलं की मागच्याला जाता येत होतं.

चढाच्या अलीकडं जीप रांगायला लागली. पुढं उसाची ट्रॉली होती. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून धरला.

"कोन हाय बे ह्यो? रस्ता काय बापाचा हाय का?"

पाटीवाली म्हणाली, "झोपला आसंल. बायकोनं रात्री झोपू दिलं नसंल." सगळे हसले.

मी वाकून बघितलं. लाल चिंधी लोंबत होती. टायर कुठंतरी बसलं असावं, म्हणून ते मागं राहिले होते. पोरीनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. तिच्याही लक्षात आलं होतं.

एक रुंद जागा गेली. दुसरी गेली. शेजारच्या म्हाताऱ्यानं ट्रॅक्टरवाल्याच्या आईला शिवी दिली. ती माझी सासू. मी पदर ओढून घेतला.

मग मी बोलले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दादा, मागं दोरी हाय. वढली की त्यो साइड देतो."

"तुमाला कसं म्हाईत, मावशी?"

"देतो. लई चांगला हाय त्यो."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "मंग उतरा आन् वढा."

चढावर ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं जातो. मी उतरले, पळाले, चिंधी धरली आणि एकदा ओढली. लांबवर घंटा वाजलेली मला ऐकू आली. पुढं जागा आली तसा ट्रॅक्टर डावीकडं झाला, रोज होतो तसाच. मी परत जीपमध्ये चढले. पाटीवाली म्हणाली, "अगं बया, खरंच की!"

जीप बाजूनं पुढं निघाली. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. मालक मान वळवून बघत होते. मी नसताना दोरी कुणी ओढली, हेच बघत असतील. त्यांना आधी पोरगी दिसली. तिचे बांधलेले केस, ती पँट. तिनं मान खाली घातली नाही. मग त्यांना मी दिसले.

त्यांनी स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. भाजी सगळ्यांच्या अंगावर पडली. ट्रॅक्टर पुन्हा रस्त्याच्या मधोमध आला आणि मधूनच चालत राहिला. ड्रायव्हर उतरून पळत गेला, दोरी धरून ओढत राहिला, शिव्या देत राहिला. घंटा वाजत होती. कामाचा टप्पा संपून रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही त्यांच्या मागंच होतो.

केजहून बीडची एसटी गेली होती. बीडला पोचलो तेव्हा फाटक बंद होतं. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या, पोरी पळत होत्या. फाटकावरचा शिपाई माझ्याशी चांगला बोलला. "पुढच्या भरतीला लवकर या, ताई." पोरगी भिंतीला टेकून बूट सोडत बसली.

दवाखान्यात जाते, असं मी मालकांना सांगितलं होतं. मनात येतं, ते त्यांना खरं वाटलं असलं, तरी त्यांनी अडवली ती आजारी बायकोची जीप होती. पण मला माहीत आहे, त्यांना ते खरं वाटलं नव्हतं. पोरीची पँट त्यांनी बघितली होती.

पुढच्या भरतीच्या आत पोरीचं लग्न लावून दिलं. आता ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊस तोडायला जाते.

मी अजून मागच्या ट्रॉलीत बसते. जीप येते, मोटारसायकल येते, एसटी येते. मी दोरी ओढते आणि मालक डावीकडं घेतात. जाणारे हात वर करून त्यांना सलाम करतात. ते सगळ्यांना साइड देतात.