दगडफुलातल्या सवती

पोशीरच्या अंबूबाईचं उभं आयुष्य दगडफूल खरवडण्यात गेलं. डोंगरातल्या आंब्या-जांभळांच्या सालीवरून ते काढायचं, सुकवायचं आणि नेरळच्या मसालेवाल्याला नेऊन घालायचं. घरात तिची सवत मोतीबाई. अंबूबाईला मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला आणलं आणि तिचा सखा रांगायला लागायच्या आत स्वतःच मरून गेला. मग भांडायचं तरी कोणावरून? अंबूबाईने कमवावं, मोतीबाईने रांधावं, असं चालत आलं.

अठ्ठ्याऐंशी साली सखाला साजगावच्या एका कारखान्यात नोकरी लागली, खोलीही मिळाली. रविवारी तो आईला न्यायला येणार, एवढं ठरलं. मोठ्या आईचं काय, ते कोणी बोलेना, आणि विचारायचं त्राण अंबूबाईत उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉलेजचे एक मास्तर दगडफुलाचे नमुने घ्यायला आले आणि ओटीवर टेकले. भिंग लावून बघत म्हणाले, "आजी, हे फूल नव्हेच. बुरशी आणि हिरवं शेवाळ एकत्र नांदतात. बुरशी आसरा देते, शेवाळ अन्न करतं. जन्माचं नातं नसताना एकाच्या बीजातला गुणांचा अंश दुसऱ्यात शिरत असावा, अशीही आता शास्त्रज्ञ शंका घेतात."

"म्हंजी सवतीच की," अंबूबाई म्हणाली. "येगळं केलं तर?"

"शेवाळ जगतं कसंबसं. बुरशीचं कठीण."

मास्तरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, आपण कोणाला काय सांगून बसलो ते! त्या दिवशी अंबूबाई डोंगरात गेलीच नाही. हाडापर्यंत कंटाळा भरला होता.

रविवारी सखा आला. बोचकं बांधून झालं, पण मोतीबाईचा पाय उंबऱ्यातून निघेना. सखा खेकसला, "चल गं आये! पाय हायत का खुंट?"

अंबूबाई चमकली. हे बोलणं तिचं. मोतीबाईला ती रोज याच शब्दांत हाकायची. गावात दुसरं कोणी असं बोलत नसे. पोटचा नव्हता, तरी पोरगा तिच्या तोंडाने बोलत होता. वेड्या आशेने तिला वाटलं, आता हा आपल्यालाही चल म्हणणार.

"मोठे आये, खोली एवढीशीच हाय गं," सखा खाली बघत म्हणाला.

"मी कुठं काय म्हनलं रं? जावा. उशीर व्हतोय."

मोतीबाई रडत रडत गेली.

तिन्हीसांजेला अंबूबाईने चूल पेटवली, तांदूळ वैरले आणि बसून राहिली. घरात मीठ कुठं ठेवतात, ते तिला ठाऊक नव्हतं.