‘हजर’वाली रंजना

आमच्या वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी टाइल्स पाहिल्या, ओटा पाहिला, देवघराचं कौतुक केलं. वरच्या मजल्यावरून आलेली एक बाई मात्र नव्या टीव्हीसमोर रिमोट घेऊन उभी होती. मला वाटलं, मॅच लावतेय. जवळ जाऊन पाहते तर पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांच्या ओळी सरकत होत्या आणि बाई त्या मन लावून वाचत होत्या. हल्लीच्या प्रत्येक यंत्रात खोल कुठेतरी एक पान असतं. त्यात आतल्या सॉफ्टवेअरचे परवाने असतात आणि ते सॉफ्टवेअर जगाला मोकळं लिहून देणाऱ्यांची नावं असतात. ते पान कोणी उघडत नाही. ही उघडायची, आणि लग्नपत्रिकेत आपल्या माणसांची नावं शोधावीत तशी त्यात ओळखीची नावं शोधायची. “हे पाय वं, हा पोलंडचा पोरगा!” ती एकदम मला म्हणाली. “याच्याशी माह्यं केवढं भांडण झालं होतं!” माझ्या नणंदेने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, “या बाई बऱ्या आहेत ना गं?” मी काय सांगणार? मीही रंजना मेश्रामला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढे आमची गट्टी जमली. ती एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. मी सरकारी नोकर. कामगारांच्या तक्रारींची सुनावणी होते त्या कार्यालयात लघुलेखक. संध्याकाळी जरीपटक्याच्या बाजारातून भाजी घेऊन आलो की तिच्या गॅलरीत चहा व्हायचा. चहा भयंकर गोड. तक्रार केली की म्हणायची, “जसा हाये तसा घे. हमी नाही.” मोकळ्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात शेवटी असं वाक्य असतं म्हणे, की हे जसं आहे तसं घ्या, काही बिघडलं तर करणारा जबाबदार नाही. रंजनाने ते वाक्य चहापासून मुलाच्या स्थळापर्यंत सगळीकडे वापरलं होतं. मुलीकडच्यांनाही तिने तेच ऐकवलं, तेव्हा मी टेबलाखालून तिला चिमटा काढला होता.

तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमचं नाव होतं ‘हजर’. वर्गाच्या दारात कॅमेरा लावायचा, आत येणाऱ्याचा चेहरा ओळखून हजेरी आपोआप लागते. मी विचारलं, हजेरी घ्यायचा इतका कंटाळा? तिने कप खाली ठेवला. “शाळेत आमचे सर हजेरी घेत न, तं माह्यं आडनाव घेतलं का जरासे थांबत. बस, जरासेच. मंग पुढचं नाव. दहावीपर्यंत मी ते थांबणं ऐकलं वं. माह्या वर्गात कोणाचं आडनाव कोणी मोठ्यानं घेणार नाही.” माझ्या आडनावापाशी कधीच कोणी थांबलं नव्हतं, त्यामुळे असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

दुसरा धक्का त्याहून मोठा. इतकं मेहनतीने केलेलं ‘हजर’ या बाईने इंटरनेटवर ठेवून दिलं होतं. कोणीही घ्या, कशालाही वापरा, बदला, विका. अट एकच, करणारीचं नाव काढायचं नाही. मास्तरकी अंगात मुरलेली, म्हणून नावाखाली तिने आपला मोबाइल नंबरही घालून ठेवला होता. कोणाला अडलं तर विचारता यावं म्हणून. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाई, कंपनी काढली असतीस तर धरमपेठेत बंगला झाला असता. ती म्हणाली, “माह्या आज्याले गावच्या विहिरीले हात लावू देत नव्हते. आता मी विहीर खोदली, अन् मीच तिच्यावर पाटी लावू?”

सरकारी नियमांचं नाव काढलं की मात्र आमची जुंपायची. अशा यंत्रांवर नियम हवेत असं पेपरात आलं, की मी तो पेपर मुद्दाम वर घेऊन जायची. “तुह्या सरकारनं आधी तुह्या ऑफिसातल्या पंख्याले नियम लावावा,” ती म्हणायची, “तो तं चालू होऊ दे.” मग गंभीर व्हायची. “परवानगीची खिडकी उघडली का रांग लागते. अन् रांगेत मागं कोणाले उभं करतात, हे तू मले सांगून राहिली?” मी म्हणायची, मग मोटार चालवायला परवाना कशाला लागतो? ती म्हणायची, “कोड म्हणजे मोटार नाही वं. मोटार कशी बनते, त्याची माहिती हाये. माहितीले कायचा परवाना?” मी चिडून खाली यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जायची.

मग बुटीबोरीहून फोन यायला लागले. “मॅडम, मी हजर हाये अन् मशीन नाही म्हणते.” रंजनाला आधी वाटलं, कोणी विद्यार्थी चेष्टा करतोय. हळूहळू उलगडा झाला. तिथल्या एका सूतगिरणीने ‘हजर’ घेतलं होतं, आणि अट पाळून यंत्राच्या पडद्यावर कोपऱ्यात तिचं नाव ठेवलं होतं, नंबरासकट. कामगारांना वाटलं, गिरणीची मालकीण हीच. मी म्हटलं, आता तरी तो नंबर काढ. पण रंजनाला आभाळ ठेंगणं झालं होतं. तिने सगळ्या बिल्डिंगमध्ये संत्रा बर्फी वाटली. पोळ्या लाटता लाटता ती फोनवर सांगायची, “दिव्याखाली उभी राह्य वं बाई. तोंडावरचा कपडा काढ. आता पाय, लागते का नाही हजेरी!”

त्यातलीच एक सुनीता मडावी. भंडाऱ्याकडची, गिरणीत सुतावर काम करणारी. कापसाचे बारीक तंतू भुवयांवर, पापण्यांवर बसायचे आणि तिचा चेहरा यंत्राला पटायचा नाही. तिचा फोन आला तेव्हा मी समोरच बसले होते. रंजनाने नेहमीप्रमाणे स्पीकर लावला होता. “मॅडम, तुम्ही माह्यं तोंड काहून ओळखत नाही?”

“अवं, मी नाही, मशीन ओळखत नाही,” रंजना हसली. “जसं हाये तसं हाये ते. पुसून पाय जरा.”

“गेटावर पुसते न मी. पण संडासच्या दारात कुठी पुसू? तिथून निघायले वेळ झाला का भोंग्यावर नाव घेतात. सगळे ऐकतात, मॅडम. तेवढं बंद करा न.”

रंजनाचं हसू गेलं. “संडासच्या दारात काय हाये?”

“तुमचीच मशीन हाये न.”

त्याच आठवड्यात आम्ही माझ्या गाडीने बुटीबोरीला गेलो. सुनीताचं नाव घ्यायचं नाही, नुसतं पाहायचं, असं ठरवून. गिरणीच्या मॅनेजरने रंजनाचं नाव ऐकलं आणि अक्षरशः धावत बाहेर आला. हार मागवला, फोटो काढला. “मॅडम, आधी फक्त गेटवर होतं. मग म्हटलं, एवढी छान वस्तू मिळालीय तर पूर्ण वापरावी!” तो आम्हाला फिरवून दाखवू लागला. पिण्याच्या पाण्याजवळ कॅमेरा, जेवणाच्या खोलीत कॅमेरा, बायकांच्या संडासाच्या दारात कॅमेरा. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात: ‘हजर – रंजना मेश्राम’. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात छतावरचा भोंगा खरखरला आणि त्यातून एका बाईचं नाव आडनावासकट घुमलं. अमुक अमुक, जागेवर नाही. शेडमधल्या एकीनेही मान वर केली नाही. मी हादरून रंजनाकडे पाहिलं. गळ्यातला हार तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“माह्यं नाव काढा तिथून,” ती म्हणाली.

मॅनेजर गोंधळला. त्याला खरंच कळेना की बाईंना एकाएकी काय झालं. “मॅडम, तुमच्या परवान्यातच लिहिलंय, नाव काढता येत नाही. आम्ही नियमाने चालणारी माणसं आहोत.”

परतीच्या वाटेवर तिने तो हार मागच्या सीटवर ठेवला. मग म्हणाली, “दिलेलं परत घेता येत नाही वं. मी माह्याकडून काढलं तरी सगळीकडं प्रती हायेत.” मला एक गोष्ट ठाऊक होती. रंजना काही सुधारणा करून ठेवायची ती त्या यंत्रांमध्ये आपोआप उतरायची; मॅनेजरनेच कौतुकाने सांगितलं होतं. मी, जन्मभर नियमाने चाललेली सरकारी बाई, गाडी कडेला घेऊन म्हणाले, “मग बिघडवून टाक ना! उद्या असं काहीतरी घाल, की सगळी यंत्रं बंद पडतील. कोणाला कळणार आहे?”

रंजनाने माझ्याकडे पाहिलं. “अन् कोण्या दवाखान्यानं घेतलं असंल तं? कोण्या शाळेनं? मी एकदा गुपचूप बिघडवलं, तं उद्या कोणीच कोणाचं मोकळं दिलेलं घेणार नाही. ते नाही होणार माह्यानं.”

“मग काय करणार?”

“मले नाही माहीत,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे आमच्याच कार्यालयात सुनावणी लागली. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांसाठी नियम करावेत का, यावर लोकांच्या सूचना आणि तक्रारी ऐकायच्या होत्या. साहेबांशेजारी बसून टिपून घ्यायचं काम माझं. मोकळ्या सॉफ्टवेअरवाल्या तरुण मंडळींनी रंजनाला केव्हाच गळ घातली होती की नियमांविरुद्ध तुम्हीच बोला, आणि तिने होही म्हटलं होतं. दर रविवारी तिच्या घरी कॉम्प्युटर घेऊन बसणारी ती पोरं पुढच्या रांगेत होती. सगळ्यात मागे, रंजनाने फोन करून बोलावलेली सुनीता, ओढणी नाकापर्यंत ओढून.

रंजना उठली. “नियम पाहिजेत,” ती म्हणाली. सभागृहात एकच गलका. आमचे साहेबही दचकले. “कोड उघडाच राह्यला पाहिजे, त्याच्यात मी बदलली नाही. विहीर सगळ्यांचीच. पण कोणी तिच्यात माणूस ढकलून राहिलं, तं त्याचा हात धराले कोणी पाहिजे का नाही? मी धरू शकत नाही. मी पाहून आली. माह्याच्यानं नाही होत.” पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, “मॅडम, तुम्ही आम्हाला विकलं!” तिने त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली, वर्गात चुकलेल्या पोराकडे पाहून हलवावी तशी.

मग तिने संडासाच्या दारातल्या यंत्राची तक्रार सांगितली. साहेबांनी विचारलं, तक्रारदार कोण? मागे सुनीताने घाईघाईने हात हलवून नको नको केलं. “माह्यं नाव लिहा,” रंजना म्हणाली. आणि तक्रार कोणाविरुद्ध? कोणत्या गिरणीविरुद्ध? “गिरणीचं नाव घेतलं तं उद्या गेटावर विचारतील, कोण बोललं. मशीन कोणाची हाये? माह्यी. माह्यं नाव लिहा.”

“बाई, दोन्हीकडे एकच माणूस कसा असेल?”

“काहून नाही?” ती म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी काय काय लिहून घेतलं असेल, पण एकाच प्रकरणात एकच नाव दोन्ही बाजूंना कधी लिहिलं नव्हतं. मी तिचं नाव वर लिहिलं आणि खालीही लिहिलं.

त्यानंतर रविवारी पोरं येईनाशी झाली. “वाईट वाटते वं, नाही कायले म्हणू,” ती कबूल करायची. तारखा पडत गेल्या. ती प्रत्येक तारखेला यायची, आणि मागच्या बाकावर सुनीताही. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. तसं ठरलंच होतं.

आणि एका सकाळी जरीपटक्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता रंजना खाली कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिच्याबरोबर भाजीला जाणारच होते, कुकर लावायचा म्हणून मागे राहिले. आजही चहाची वेळ झाली की मी जिन्यापर्यंत जाते आणि मग आठवतं.

पुढच्या तारखेला मी कार्यालयात बसले तेव्हा रडून रडून माझे डोळे सुजले होते. साहेबांनी कागद पाहिले. सज्जन माणूस, त्यांनाही वाईट वाटत होतं. पण नियम तो नियम. “तक्रारदार मयत,” ते म्हणाले. “विरुद्ध पक्षही मयत. प्रकरण बंद करावं लागेल. लिहा.” मी पेन उचललं. जन्मभर नियमाच्या बाजूने भांडले, आणि आता त्याच नियमाने माझ्या मैत्रिणीला दुसऱ्यांदा मारायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी वर तारीख घातली.

मागचा बाक करकरला. “साहेब, थांबा न जरा.” सुनीता उठून पुढे येत होती. “माह्यं नाव लिहा.”

साहेबांनी तिला नीट समजावलं. नाव आलं की गिरणीला कळणार, गिरणीचंही नाव सांगावं लागणार. कामावर त्रास होऊ शकतो. तिने ऐकून घेतलं. मग तोंडावरची ओढणी खाली केली. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच धड पाहिला. रात्रपाळी करून तशीच आली असावी, भुवया पांढऱ्या होत्या.

“सुनीता मडावी,” ती मोठ्याने म्हणाली, आणि त्याच दमात गिरणीचं नाव सांगितलं.

“सावकाश सांगा, बाई लिहून घेताहेत,” साहेब म्हणाले. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.