टायरचे तळवे

ते प्रकरण निकाली निघून काही वर्षं झाली, तरी लांब चालून टाच दुखली की ते पुन्हा समोर उभं राहतं.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होतो. शिपाई म्हणून भरती होऊन सहायक निरीक्षकापर्यंत स्वतःच्या हिमतीवर पोहोचलो होतो. माझा राग सगळ्या ठाण्याला ठाऊक होता. डोंगरकडा गावाजवळच्या वस्तीवरचा एक म्हातारा मेंढपाळ चार दिवस घरी आला नव्हता. त्याच्या धाकट्या भावाने मिसिंगची तक्रार दाखल केली. दुसऱ्या दिवशी खबर आली, की मेंढरं विकण्यावरून बापलेकाचं वाजलं आणि मुलाने म्हाताऱ्याला सिद्धेश्वर धरणात ढकललं.

मुलाला बोलावलं. तिशीतला, किडकिडीत.

"बाप कुठं आहे?"

"म्हाईत न्हाई, साहेब."

दिवसभर तेवढंच. मी दोन थपडा मारल्या. त्या स्टेशन डायरीत नाहीत, म्हणून इथे लिहितो. बाहेर बाकावर तक्रार देणारा चुलता बसून होता. "खुनाचा गुन्हा लिवा, तवर मी उठत न्हाई."

संध्याकाळी घर तपासलं. घोंगडी, काठी आणि जर्मनचं पातेलं घरात नव्हतं. उंबऱ्यापाशी टायरचे कापलेले तुकडे पडले होते. सुनेला विचारलं.

"मामांनी जायच्या आदल्या दिशी वहाणांना तळवे ठोकले. पहिले चांगले व्हते, तरी बी."

म्हातारा लांब चालायच्या तयारीने निघाला होता. ठाण्यात परतलो, मुलासाठी चहा मागवला.

"तो कुठं गेलाय ते तुला ठाऊक आहे."

"कुनाला सांगनार न्हाई, असा बाबाला शब्द दिलाय म्या. मागं एकदा बाबा असेच निघाले, तवा काकानं स्टँडवरून धरून आणलं."

"मग सौदा कर. जागा सांग, बदल्यात काय पाहिजे ते माग."

त्याने चहा संपवून कप खाली ठेवला. "डोळ्यानं बघून या. माघारी आनू नका."

"कबूल."

मुलाने सांगितलं, म्हातारा कोकणात गेला होता, समुद्राच्या काठाने दहा दिवस चालायला. फोनही नेला नव्हता. चुलत्याला पटेना. "लेकरू खोटं बोलून राहिलं," म्हणाला. म्हातारा जिवंत दिसल्याशिवाय मुलावरचा खुनाचा संशय जाणार नव्हता. मी प्रवासाची परवानगी मागितली. वरिष्ठ म्हणाले, "समुद्र बघायचाय तर रजा टाका." टाकली. ती रजा आजवर परत मिळालेली नाही.

त्या किनाऱ्यालगत रस्ता नव्हता. काळे खडक, केवड्याची बनं, मध्येच खाडी आली की होडी. माझे सरकारी बूट पहिल्याच दिवशी चावले. दुसऱ्या दिवशी एक कोळीण म्हणाली, "घोंगडीवाले आजोबा? कालच गेले. माझ्या शेळीचा खूर साफ करून गेले." तिसऱ्या दिवशी एका कड्यावर तो बसलेला दिसला. मी पोलीस आहे, मुलाने पाठवलंय, हे सांगितलं.

"इथं काहून आलात, बाबा?" मी विचारलं.

"जनम चालण्यातच गेला, साहेब. पर मेंढरू नेईल तिकडं. त्याला खारं पानी चालत न्हाई, म्हणून हिकडं कधी आलोच न्हाई."

माझ्या टाचेतून रक्त येत होतं. त्याने घोंगडीच्या काठाची पट्टी फाडली आणि माझा पाय मांडीवर घेतला.

"तुमच्या मुलाला मी मारलं," मी म्हणालो.

त्याचे हात थांबले. "त्यानं शब्द मोडला?"

"तुम्हाला माघारी आणायचं नाही, असा माझ्याकडून शब्द घेतला. मगच बोलला."

"मग बराबर," म्हणत त्याने गाठ मारली. जरा जास्तच घट्ट.

कड्यावर रेंज होती. ठाण्यात व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मुलगा आणि चुलता एका फोनवर वाकले. म्हाताऱ्याने फोन समुद्राकडे फिरवला. "बघ, केवढं पानी. अन् एक घोट बी कामाचा न्हाई." मग भावाला म्हणाला, "आता ये धरायला."

खुनाचा गुन्हा मागणाऱ्या चुलत्याने एवढंच विचारलं, "दादा, जेवलास का?"

मी रस्त्याकडे चढलो, तो खाली पाण्याकडे उतरला. रजिस्टरला शेरा पडला, 'इसम मिळून आला.' माझ्या पायपिटीची त्यात एक ओळ नाही.

त्यानंतर मिसिंगच्या प्रत्येक प्रकरणात भांडण कोणाशी झालं, हे मी नंतर विचारत असे. आधी विचारायचो, त्या माणसाला जायचं कुठे होतं? घरच्यांना बहुतेक वेळा ते माहीत नसायचं.

मागच्या बाजारात मीही वहाणांना टायरचे तळवे ठोकून घेतले. घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. वहाणांकडे पाहून तिने विचारलं, "कुठं जायचंय तुम्हाला?"

मी तिच्याशेजारी बसलो आणि सांगायला लागलो.